स्टोक रो : ऑक्सफर्डशायरमधलं छोटं गाव आणि काशीनरेशांनी दिलेली विहीर

टेम्सकाठ

रेडिंग-स्लाव पट्ट्यात आता मराठी घरं भरपूर झाली आहेत. भारतातून आई-बाबा आले की फिरण्याची यादी ठरलेली असते : विंडसरचा किल्ला, ऑक्सफर्ड, बाथ, स्टोनहेंज. यादीत न बसणारं, पण रेडिंगहून गाडीने साधारण अर्ध्या तासावर असलेलं एक गाव आहे, स्टोक रो. चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावर, बीच नावाच्या झाडांच्या जंगलात. वस्ती सहा-सातशेची. एक चर्च, एक शाळा, एक दुकान, पब. आणि गावाच्या मुख्य रस्त्याला लागूनच, इंग्लिश कौलारू घरांच्या ओळीत, घुमटाखाली सोनेरी हत्ती उभा असलेली विहीर. ही विहीर काशीच्या महाराजांनी गावाला दिली. १८६४ साली.

आधी पाण्याचं सांगते, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. इंग्लंडात पाऊस बारमाही पडतो, मग विहिरीचं एवढं कौतुक का, असं वाटणं साहजिक आहे. चिल्टर्न टेकड्या खडूच्या दगडाच्या आहेत. पावसाचं पाणी त्यातून झिरपून खूप खाली निघून जातं. टेकडीच्या पायथ्याच्या गावांना झरे मिळतात, माथ्यावरच्या गावांना ओढासुद्धा नाही. वरच्या थरात चिकणमाती आहे, तिच्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साचायचं. लोक तेच प्यायचे, गुरंही तिथेच यायची. कौलांवरून गळणारं पाणी पिंपात धरायचं. उन्हाळा कोरडा गेला की डबकी आटायची आणि बायका-पोरं खाली मैलोन्‌मैल जाऊन पाणी वाहून आणायची. स्वयंपाकाचं पाणी सुद्धा एका घरातून दुसऱ्या घरात वापरायला दिलं जायचं. मी विदर्भातली आहे. टँकरच्या रांगेत कळशी लावून वाढलेल्या माणसाला यातलं काहीही परकं वाटत नाही.

या भागातल्या इप्सडेन गावच्या जमीनदार घराण्यातला मुलगा, एडवर्ड अँडरडन रीड, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत उत्तर हिंदुस्थानात गेला आणि १८६० पर्यंत तिथेच राहिला. वायव्य प्रांतात (म्हणजे साधारण आजच्या उत्तर प्रदेशात) मोठ्या हुद्द्यांवर होता. काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याचा चांगला स्नेह होता. बोलता बोलता रीडने आपल्या गावाकडची एक गोष्ट त्यांना सांगितली. दुष्काळी दिवसांत एका लहान मुलाने घरातलं उरलंसुरलं पाणी पिऊन टाकलं, म्हणून त्याच्या आईने त्याला बेदम मारलं. महाराजांच्या मनात ती गोष्ट राहिली. त्यांना आणखी एक गोष्ट आठवत होती. १८३१ मध्ये आझमगढ भागात रीडने लोकांसाठी विहीर खणवली होती. तिची परतफेड म्हणून, रीडच्या मुलखात जिथे पाण्याचे असे हाल आहेत तिथे विहीर खणून द्यायची, असं महाराजांनी ठरवलं. जागा रीडने निवडली : स्टोक रो.

१० मार्च १८६३ ला खोदाई सुरू झाली. तोंड ४ फूट रुंद, खोली ३६८ फूट. लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल क्रूसासकट ३६५ फूट उंच आहे, म्हणजे ते आख्खं या विहिरीत उलटं सोडलं असतं तरी तळाला ३ फूट उरले असते. हे सगळं हातांनी खणलं. ४ फुटांच्या भोकात एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. वर आकाशाचा रुपयाएवढा तुकडा, बाकी अंधार, हवा कोंदट, खणलेला प्रत्येक दगड बादलीत भरून वर पाठवायचा आणि ती बादली डोक्यावरून जाते-येते आहे हे विसरायचं नाही. हिशेब करून पाहिला. साडेचार हजार घनफुटांहून जास्त माती आणि खडू निघाला असणार. खणणाऱ्यांची नावं कुठल्या पाटीवर माझ्या पाहण्यात नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२४ मे १८६४, व्हिक्टोरिया राणीचा वाढदिवस. त्या दिवशी विहीर गावाला खुली झाली. विहिरीचा खर्च ३५३ पौंड १३ शिलिंग ७ पेन्स, रहाटाच्या यंत्राचा ३९ पौंड १० शिलिंग. यंत्र वॉलिंगफर्डच्या वाइल्डर यांच्या कारखान्यातलं. ओतीव लोखंडाचे खांब, वर घुमट, घुमटाखाली दातेरी चाकं आणि हाताने फिरवायचं हँडल, आणि यंत्रावर तो हत्ती. एक बादली वर येते तेव्हा दुसरी खाली जाते. महाराजांनी हे पाणी गावाला फुकट आणि कायमचं दिलं.

मला ज्यासाठी हा धागा काढावासा वाटला ते आता येतंय. विहीर देऊन महाराज थांबले नाहीत. शेजारची जमीन घेऊन तिथे चेरीची बाग लावली, नाव 'ईश्वरी बाग'. चेरी विकून येणाऱ्या पैशातून विहिरीची देखभाल व्हावी, अशी योजना. राखणदाराला राहायला छोटं घर बांधलं. राखणदाराने विहीर सांभाळायची आणि बाग पाहायची. आपल्याकडे पाणवठा बांधून देणारे दाते पुष्कळ झाले, आजही होतात. हातपंप बसतो, फीत कापली जाते, दोन वर्षांत वॉशर जातो आणि पंप गंजत उभा राहतो. दुरुस्तीचे पैसे कुठून येणार याचं उत्तर दान देतानाच देणारे फार थोडे. काशीतल्या एका राजाने, जिथे तो कधी पाऊलही ठेवणार नव्हता अशा गावासाठी, हा विचार केला होता. (विहीर त्यांनी शेवटपर्यंत पाहिली नाही.)

सत्तरएक वर्षं गाव हे पाणी प्यालं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वापर थांबला, कारण नळ आले होते. आज एक विश्वस्त मंडळ विहीर, बाग आणि घर सांभाळतं. पाहायला तिकीट नाही.

तुमच्यापैकी कुणी गेलंय का? आणि अशी भारतातून इकडे आलेली आणखी दानं माहीत असतील तर लिहा.

केतकीचं_बन

किती सुंदर लिहिलंयस गं. आठ वर्षं हेन्लीजवळ काढली, स्टोक रोच्या पाटीवरून शेकडो वेळा गेले असेन, आत कधी वळले नाही. या शनिवारी जाणार.

भूजल_सर्वेक्षक

टेम्सकाठ ताई, उत्तम धागा. मी निवृत्त भूजलवाला, त्यामुळे ३६८ फुटांवर थोडं लिहितो.

आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि दगडाच्या भेगांमध्ये. म्हणून आपल्या जुन्या विहिरी बहुतेक तीस-पन्नास फुटांच्या आणि तोंडाला रुंद. पाणी चहूबाजूंनी पाझरावं आणि विहिरीत साठून राहावं, यासाठी तो रुंदपणा. खडूचं तसं नाही. तो स्पंजासारखा पाणी धरतो, पण भूजलाची पातळी टेकडीच्या पोटात खोल, जवळजवळ दरीतल्या झऱ्यांच्या पातळीला जाऊन बसते. माथ्यावर उभं राहून खणायचं म्हणजे टेकडीची सगळी उंची उतरायची. एकदा तिथे पोचलात की मात्र पाणी भरवशाचं, दोन कोरड्या वर्षांत आटणारं नव्हे. साठवणीसाठी रुंदी लागत नाही, म्हणून ४ फूट पुरले. आपल्या भाषेत तो आडच म्हणायचा.

दुसरं, दोन बादल्यांचं. ३६८ फूट दोराचं स्वतःचं वजनच मोठं. एकच बादली असती तर हँडल फिरवणाऱ्याचा निम्मा दम दोर ओढण्यातच गेला असता. उतरणाऱ्या बादलीचं वजन चढणाऱ्या बादलीला मदत करतं, त्यामुळे माणसाला मुख्यतः पाण्याचाच भार उचलावा लागतो. शिवाय दातेरी चाकं. म्हातारं माणूससुद्धा वेळ लावून पाणी काढू शकेल अशी ती रचना आहे. वरचा घुमट आणि हत्ती पाहून लोक परत येतात. गेलात तर कृपया चाकांपाशी पाच मिनिटं थांबा.

जुना_पूल

माहितीबद्दल आभार. पण मनात आलं ते लिहितोच.

१८६३ म्हणजे बंडाला जेमतेम सहा वर्षं. जून १८५७ मध्ये याच बनारसला कर्नल नीलने काय केलं ते इतिहासात आहे : शहरात आणि आसपासच्या गावांत झाडांना माणसं लटकवली. काशीनरेश त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने राहिले. काशीतच जन्मलेली मनू तांबे झाशीची राणी होऊन १८५८ मध्ये ग्वाल्हेरला लढता लढता पडली. १८६०-६१ मध्ये दिल्ली-आग्रा भागात मोठा दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मेली. आणि त्याच्या दोन वर्षांनी एक राजा इंग्लंडातल्या गावाला विहीर देतो, राणीच्या वाढदिवसाला तिचं उद्घाटन होतं. मला यात निष्ठेचं प्रदर्शन जास्त दिसतं. रीडही कुणी साधा माणूस नव्हता. लेफ्टनंट-गव्हर्नर कॉल्विन सप्टेंबर १८५७ मध्ये आग्र्यात वारला, तेव्हा काही दिवस त्याच्या जागी कारभार रीडनेच पाहिला होता.

विहीर चांगली, हे मान्य. पण हा धागा वाचून 'काय ते औदार्य' म्हणून मोकळं होता येत नाही.

केतकीचं_बन

हा मुद्दा येणार हे माहीतच होतं. पाण्याच्या दानात पण राजकारण शोधायचं?

जुना_पूल

शोधायला लागत नाही, केतकीताई. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की दिसतं.

ब्रह्माघाट

मी काशीचा. आमचं घर पाच-सहा पिढ्यांपासून ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडच्या मराठी वस्तीतलं, आता नोकरीमुळे बंगळुरूला. आमच्याकडे आजही घरात मराठी आणि गल्लीत भोजपुरी-हिंदी.

ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांचा काळ १८३५ ते १८८९, पन्नासहून अधिक वर्षं. रामनगरची रामलीला आज ज्या थाटात होते, महिनाभर, मैदानं बदलत, लाउडस्पीकर आणि विजेच्या दिव्यांशिवाय, तिला आकार देणाऱ्यांत त्यांचं नाव अगदी वरचं. काशीनरेश तिथे हत्तीवरून येतात आणि लोक 'हर हर महादेव' म्हणून स्वागत करतात. त्यामुळे स्टोक रोच्या यंत्रावरचा हत्ती वाचून मला तरी आश्चर्य वाटलं नाही. आणखी एक, राजघराण्याच्या चिन्हात दोन मासे आहेत. स्टोक रोच्या बागेत माशाच्या आकाराचं तळं केलेलं आहे असं वाचलं होतं. टेम्सकाठ ताई, खरं का?

जुना_पूल यांच्या मुद्द्याबद्दल. काशीत घाट, कुंड, विहीर, धर्मशाळा बांधणं हे राजाचं कामच समजलं जातं. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरात बसून काशीला विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं, १७८० साली, आणि घाट बांधले. आपल्या राज्याबाहेर, जिथले लोक आपली रयत नाहीत तिथे पाण्याची सोय करणं, यात काशीच्या माणसाला नवल नाही. महाराज इंग्रजांशी निष्ठावान होते हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एका माणसात होत्या.

टेम्सकाठ

ब्रह्माघाट दादा, हो, माशाच्या आकाराचं तळं आहे. आणि तुमची माहिती अमूल्य, असं काशीच्या माणसाकडूनच यायला हवं होतं.

जुना_पूल, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. यातलं काही मी खोडून काढणार नाही, कारण खोडण्यासारखं काही नाही. निष्ठा होतीच. १८८२ मध्ये व्हिक्टोरिया राणीवर विंडसरला गोळी झाडली गेली आणि ती वाचली, तेव्हा महाराजांच्या खर्चाने स्टोक रोच्या लोकांना पाव, चहा, साखर आणि जेवण दिलं गेलं. हे राणीला कळावं म्हणूनही असेल.

तरीही मी या विहिरीच्या बाजूने का बोलते, ते सांगते. राणीला खूश करायचं होतं तर महाराजांना लंडन मोकळं होतं. राजवाड्याजवळ एखादा पुतळा, एखादं संगमरवरी कारंजं, येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचेल अशी पाटी. स्टोक रोला १८६३ मध्ये कोण बघायला येणार होतं? टेकडीवरचं आडगाव. वीट भाजणारे, लाकूडतोडे, शेतमजूर. या भागात बीचच्या लाकडापासून तंबूच्या खुंट्या करायचा धंदा होता. दोन्ही महायुद्धांत इथल्या खुंट्या सैन्याच्या तंबूंना गेल्या. असल्या लोकांच्या घरचं पाणी हे तेव्हा लंडनमध्येसुद्धा कुणाच्या चिंतेचा विषय नव्हतं. ज्या जमीनदारांच्या जमिनीवर ते राबत होते, त्यांनाही त्या टेकडीवर विहीर खणावीशी वाटली नव्हती. रीडच्या घराण्याकडे पैसा होता आणि जमीनही होती. विहीर झाली ती मात्र काशीहून पैसे आल्यावर.

आणि मला सारखं वाटतं ते त्या मुलाबद्दल. एक इंग्रज अधिकारी स्वतःच्या गावाकडच्या गरिबीची गोष्ट हिंदुस्थानी राजाला सांगतो, ही गोष्टच किती दुर्मीळ. एरवी हिंदुस्थान कसा मागासलेला आहे हेच सांगितलं जायचं. ऐकणाऱ्याला ती चटकन पोचली, कारण पाण्यासाठी आई मुलाला मारते म्हणजे काय, हे काशीपासून आझमगढपर्यंत कुणालाही समजावून सांगावं लागत नव्हतं.

आग्र्याच्या दुष्काळाबद्दल तुम्ही म्हणता ते टोचतं. टोचायला हवंच.

जुना_पूल

ताई, लंडनऐवजी आडगाव हा मुद्दा पटला. तिथे मी विचार केला नव्हता. नील आणि दुष्काळ यांचं मी लिहिलेलं तसंच राहू द्या.

टेम्सकाठ

राहू द्याच. त्याशिवाय धागा अर्धा राहिला असता.

गिरगावची_सून

आता लंडनचा विषय निघालाच आहे तर मुंबईचं एक सांगते, कारण ते तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे.

रीजंट्स पार्कात, ब्रॉड वॉकवर, एक उंच चौकोनी पाणपोई आहे. संगमरवर आणि ग्रॅनाइटची, टोकाला निमुळती. ती सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दिलेली, १८६९ साली. म्हणजे स्टोक रोनंतर पाच वर्षांनी. हे तेच रेडीमनी, ज्यांच्या नावाचं दीक्षांत सभागृह मुंबई विद्यापीठाच्या फोर्टच्या आवारात आहे. ओव्हल मैदानावरून दिसतं ना ते मोठ्या गोल खिडकीचं, तेच. पाणपोईच्या चार बाजूंना कोरीवकाम आहे. एकीकडे राणी, एकीकडे तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट, स्वतः रेडीमनी यांचा चेहरा, आणि मला सगळ्यात आवडलेला म्हणजे वशिंडाचा बैल! लंडनच्या बागेत आपला खिल्लारासारखा बैल पाहून मुलाला उचलून दाखवला.

जुना_पूल यांना हे आवडणार नाही, पण लिहिते : इंग्रजी अमलात पारशांना जे संरक्षण मिळालं त्याबद्दल कृतज्ञता म्हणून ही पाणपोई दिली, असं तिच्यावरच लिहिलेलं आहे. तिथे निष्ठा उघड आहे.

जुना_पूल

नाही, हे आवडलं. दगडावर लिहिलेलं असलं की वादच नको. आणि टेम्सकाठ ताईंचा मुद्दा त्यातून आणखी पक्का होतो. पाहा, रेडीमनी यांनी लंडन निवडलं, काशीनरेशांनी स्टोक रो.

गिरगावची_सून

त्यांच्यावर अन्याय नको व्हायला. ती पाणपोई ज्या संस्थेच्या मार्फत उभी राहिली, ती लंडनच्या गरिबांसाठी आणि जनावरांसाठी फुकट पाण्याची सोय करणारी होती. त्या शतकात लंडनमध्ये पटकीच्या साथींनी हजारो माणसं मेली होती. रस्त्यावर स्वच्छ पाणी फुकट मिळणं ही तिथेही जिवाची गोष्ट होती. मुंबईतही रेडीमनी यांनी दवाखाने, शिक्षण, पाणपोया यांवर भरपूर पैसा दिला.

सातपुडा

हाइड पार्कातही होती ना एक? विजयनगरमच्या महाराजांची?

गिरगावची_सून

होती. १८६७ ची, मार्बल आर्चच्या बाजूला. १९६४ मध्ये काढून टाकली. आता जागेवर फक्त खूण आहे.

टेम्सकाठ

१९६४! त्याच वर्षी स्टोक रोमध्ये विहिरीची शताब्दी थाटात साजरी झाली. त्याआधी १९६१ मध्ये एलिझाबेथ राणी भारतात आली होती तेव्हा काशीच्या राजघराण्याने तिला विहिरीची छोटी प्रतिकृती दिली आणि शंभरी येतेय हे सांगितलं. म्हणजे तिकडे काशीत आठवण होती! ८ एप्रिल १९६४ ला प्रिन्स फिलिप गावात आला. काशीहून गंगाजल आणलं होतं, ते विहिरीच्या पाण्यात मिसळलं. गावातल्या सगळ्यांनी, शाळेच्या पोरांसकट, तो सोहळा पाहिला.

राजधानीतली पाणपोई गेली आणि खेड्यातली विहीर राहिली. मला वाटतं याचं एक कारण असं, की स्टोक रोमध्ये विहीर पहिल्यापासून गावाची होती. तिची जमीन, बाग, घर, विश्वस्त सगळं ठरलेलं. मोडलं तर कुणाकडे जायचं हे गावाला माहीत होतं.

सातपुडा

पण चेरी विकून खरंच भागायचं का? आमचा चिकूचा बाग आहे, फळबागेच्या भरवशावर कायमचा खर्च टाकणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. एक वर्ष गारपीट, एक वर्ष भाव नाही. चेरीला तर पाखरांचा त्रास आमच्यापेक्षा जास्त. आणि झाडांचं वय असतं, पन्नास वर्षांनी बाग नव्याने लावायला पुन्हा भांडवल लागतं.

टेम्सकाठ

अगदी खरा प्रश्न. कल्पना उत्तम होती, पण नुसत्या चेरीवर दीडशे वर्षं काढता येत नाहीत. पुढे दुरुस्तीला देणग्या लागल्या, गावातल्या लोकांनी वेळ दिला, आजही देतात. ओतीव लोखंडाला दर काही वर्षांनी खरवडून रंग लावावा लागतो, नाहीतर इथल्या ओल्या हवेत ते टिकत नाही. हत्तीचा सोनेरी मुलामाही पुन्हा पुन्हा करावा लागतो. गेले तेव्हा रंग ताजा होता, चाकांच्या दात्यांना वंगण होतं. वापरात नसलेल्या यंत्राला वंगण घालणारी माणसं तिथे आहेत, यातच सगळं आलं.

बागेने पैसे कमी दिले असतील, पण बाग होती म्हणून जागा मोकळी राहिली. नाहीतर चिल्टर्नमधल्या जमिनीचे आजचे भाव पाहता तिथे कधीच चार बंगले उभे राहिले असते.

भूजल_सर्वेक्षक

सातपुडा यांच्या मुद्द्याला धरून. आमच्या खात्यात असताना गावोगाव पाणीपुरवठा योजना पाहिल्या. बंद पडलेल्या योजनांत पाणी आटलं म्हणून बंद पडलेल्या कमी, वीजबिल थकलं किंवा पंपाची मोटार जळली म्हणून बंद पडलेल्या जास्त. माणूस नेमलेला नाही, नेमला तर पगार नाही. स्टोक रोच्या योजनेत राखणदाराचं घर विहिरीच्या शेजारी आहे, ही गोष्ट मला चेरीपेक्षा मोलाची वाटते. रात्री यंत्र अडकलं तर कुणाचं दार वाजवायचं हे माहीत पाहिजे. पाणीपुरवठ्याचं निम्मं शास्त्र एवढंच आहे.

केतकीचं_बन

जाऊन आले! सोबत सासूबाई होत्या, ७४ वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास. गाडीतून उतरून चार पावलांत विहीर, त्यामुळे काही अडचण आली नाही. त्यांनी चप्पल काढून हात जोडले. मी म्हटलं, आई हे देऊळ नाही. त्या म्हणाल्या, काशीच्या राजाने दिलेली विहीर आहे ना, मग झालं. विहिरीचं तोंड जाळीने झाकलेलं आहे, वाकून पाहिलं तर विटांचा काळा गोल खाली खाली जात दिसेनासा होतो. भूजल काका, चाकांपाशी थांबलो बरं का. नवऱ्याने तर मोबाइलवर चाकांचेच चाळीस फोटो काढले.

जुना_पूल, तुमचंही आठवलं. परत येताना गाडीत मुलीला आधी विहिरीचं सांगितलं आणि मग १८५७ चंही सांगितलं. ती शाळेत इतिहास शिकते, पण यातलं काहीच तिला माहीत नव्हतं.

जुना_पूल

केतकीताई, हे वाचून खूप बरं वाटलं. मनापासून आभार.

ब्रह्माघाट

दिवाळीत काशीला जाणार आहे. रामनगरच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात या विहिरीसंबंधी काही ठेवलंय का ते या वेळी मुद्दाम पाहतो आणि इथेच लिहितो.

सातपुडा

रीडच्या स्वतःच्या इप्सडेन गावालाही भारतातून विहीर मिळाली होती म्हणतात. ती आहे का अजून?

टेम्सकाठ

आहे. ती काशीचेच, पण महाराजांहून वेगळे, राजा देवनारायण सिंह यांनी दिलेली, १८६५ ची. स्टोक रोपेक्षा साधी, पण दोन्ही गावं जवळ आहेत, एका दुपारीत दोन्ही होतात.

चार-पाच जणांचे व्यक्तिगत निरोप आलेत की एकत्र जाऊ. मग असं करू : एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातला रविवार ठेवू, तेव्हा चेरी फुलण्याचा मोसम असतो आणि बीचच्या जंगलात निळी फुलंही यायला लागतात. रेडिंगहून सकाळी दहाला निघायचं, आधी स्टोक रो, मग जेवण, मग इप्सडेन. गावातले रस्ते अरुंद आहेत, त्यामुळे गाड्या कमीत कमी नेऊ आणि कुणाच्या फाटकासमोर लावायच्या नाहीत. डोक्यावर लाल घारी फिरत असतात, चिल्टर्नमध्ये १९८९ पासून मुद्दाम आणून सोडलेल्या, लहान मुलांच्या हातातलं सँडविच त्या कधी कधी उचलतात, तेवढं सांभाळा. विश्वस्त मंडळाला देणगी द्यायची ज्यांची इच्छा आहे त्यांनी तिथेच द्यावी, मी गोळा करणार नाही. ज्यांच्या गाडीत जागा आहे आणि ज्यांना जागा हवी आहे, दोघांनीही इथे खाली लिहा.

गिरगावची_सून

आम्ही तिघं. गाडी नाही, लंडनहून ट्रेनने रेडिंगला येऊ.

केतकीचं_बन

माझ्या गाडीत तीन जागा आहेत. या.